ढिगाच्या आत काय आहे? : ऑनलाइन व्यापार आणि इस्लामी अर्थनीती

हजरत शुऐब (अ.) यांना अल्लाहने मदयनच्या लोकांकडे प्रेषित म्हणून पाठविले. मदयन हे अरबस्तानच्या वायव्येकडील व्यापारी मार्गावरचे ठिकाण. तेथील लोक व्यापारात मुरलेले होते, तसेच काटा मारण्यातही. शुऐब (अ.) यांनी त्यांना एका अल्लाहची उपासना करण्याचे आवाहन केले आणि त्याच दमात सांगितले की, माप-वजन पुरे द्या, लोकांच्या वस्तूंचे मोल घटवू नका. त्यावर त्यांच्या लोकांनी काय विचारले, ते पवित्र कुरआनच्या सूरह हूदमध्ये (११:८७) आले आहे. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा होता की, आमच्या संपत्तीचे आम्ही काय करायचे, हेही आता तुझी नमाजच ठरविणार काय?

हा प्रश्न आजही विचारला जातो, फक्त शब्द बदलले आहेत. नमाज, रोजा हे धर्माचे. मोबाइलवरचे दुकान, जाहिराती, ऑफर, हप्ते हे धंद्याचे, अशी वाटणी आपल्यापैकी अनेकांनी मनात करून ठेवली आहे. काही जण एक पाऊल पुढे जातात आणि दारू, जुगार व उघड व्याज टाळले की आपला व्यवसाय हलाल झाला असे समजतात. ही बंधने आवश्यकच आहेत. पण इस्लामी अर्थनीती एवढ्यावर थांबत नाही. वस्तू हलाल असूनही तिचा सौदा हराम होऊ शकतो. कपडे, अत्तर, पुस्तके, खजूर यांत काहीही निषिद्ध नाही; तरी ते विकण्याची रीत निषिद्ध असू शकते. ऑनलाइन व्यापारात हा धोका अधिक का असतो आणि त्यातून वाट कशी काढावी, हे या लेखात पाहू.

ओल्या धान्याचा धडा

सहीह मुस्लिममध्ये हजरत अबू हुरैरा (रजि.) यांच्याकडून आलेली एक घटना प्रसिद्ध आहे. प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जात असताना धान्याच्या एका ढिगाजवळ थांबले. त्यांनी ढिगात हात घातला, तेव्हा बोटांना ओल लागली. विचारल्यावर विक्रेत्याने सांगितले की, धान्य पावसात भिजले आहे. मग ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस, असे प्रेषितांनी (स.) त्याला विचारले आणि फसवणूक करणाऱ्याचा आपल्याशी संबंध नसल्याचे स्पष्ट केले.

या घटनेचा नीट विचार करावा. विक्रेत्याने धान्यात पाणी मिसळले नव्हते. पाऊस पडला होता. त्याने तोंडाने खोटे सांगितले, असाही उल्लेख नाही. ओले धान्य विकण्यास मनाईही झाली नाही. त्याचा दोष एवढाच की, कोरडे धान्य वर होते आणि ओले खाली. म्हणजे इस्लामच्या दृष्टीने प्रामाणिकपणा हा केवळ खोटे न बोलण्यात नाही. ग्राहकाला जे कळणे आवश्यक आहे ते त्याच्या नजरेसमोर आणून ठेवणे, ही विक्रेत्याचीच जबाबदारी आहे.

मदीनेच्या बाजारात ग्राहकाला ढिगात हात घालणे शक्य होते. तो धान्य चाखू शकत होता, कापड चोळून पाहू शकत होता. ऑनलाइन बाजारात ग्राहकाचा हात ढिगापर्यंत पोहोचतच नाही. त्याला दिसतो तो फक्त वरचा थर, आणि तोही विक्रेत्यानेच रचलेला. जिथे ग्राहकाची तपासण्याची शक्ती कमी होते, तिथे विक्रेत्याची सांगण्याची जबाबदारी त्याच प्रमाणात वाढते. डिजिटल व्यापाराला इस्लामी तत्त्वे लावायची, तर सुरुवात इथून करावी लागते.

फोटो आणि वर्णन

अरबस्तानात काही लोक जनावर विकण्यापूर्वी काही दिवस त्याचे दूध काढत नसत. कास भरलेली दिसे आणि ग्राहकाला वाटे की, जनावर भरपूर दूध देणारे आहे. प्रेषितांनी (स.) याला मनाई केली आणि असे जनावर घेतलेल्या ग्राहकाला ते ठेवण्याचा किंवा परत करण्याचा अधिकार दिला. इथेही विक्रेत्याने तोंडाने एक शब्द खोटा उच्चारलेला नव्हता. खोटे होते ते दृश्य.

आज हेच काम फोटो करतो. लखनौच्या चिकनकारीचे उदाहरण घेऊ. या कलेला २००८ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. हाताने भरलेल्या एका कुर्त्यामागे कारागीर स्त्रियांची कित्येक दिवसांची मेहनत असते. यंत्रावरचे भरतकाम काही वेळातच होते. दुकानात जाणकार ग्राहक कापड उलटे करून मागची बाजू पाहतो, तेव्हा टाके बरेच काही सांगून जातात. पडद्यावर कापड उलटे करता येत नाही. मग यंत्रावरचा कुर्ता लखनवी चिकन या नावाखाली विकला गेला, तर ग्राहकाचे पैसे तर जातातच, शिवाय खऱ्या कारागिरणीची मजुरीही मारली जाते. यंत्रावरचा कुर्ता विकणे गैर नाही. तो यंत्रावरचा आहे असे पहिल्याच ओळीत लिहावे, योग्य भाव लावावा आणि विकावा. मागच्या बाजूचा एक फोटो टाकणे म्हणजे ओले धान्य वर ठेवणेच होय.

हनफी फिकहमध्ये वस्तू न पाहता घेणाऱ्या ग्राहकाला ती पाहिल्यावर सौदा स्वीकारण्याचा वा सोडण्याचा हक्क मान्य केलेला आहे. त्यामुळे एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही, ही पाटी समोरासमोरच्या दुकानात चालून जात असेल, पण न पाहता विकलेल्या मालाबाबत ती लावताना आपल्याला दहा वेळा विचार करायला हवा.

जे जवळ नाही त्याची विक्री

आपल्या समाजातील अनेक विद्यार्थी आणि गृहिणी आज अल्प भांडवलात किंवा भांडवलाशिवाय व्यवसाय सुरू करीत आहेत. पद्धत सोपी असते. घाऊक व्यापाऱ्याने पाठविलेले फोटो आपल्या पानावर टाकायचे, वर आपला नफा लावायचा, ऑर्डर आली की व्यापाऱ्याला कळवायचे. तो माल परस्पर ग्राहकाकडे पाठवितो. माल आपण पाहतही नाही. याला ड्रॉपशिपिंग किंवा रिसेलिंग म्हणतात.

नेमका हाच प्रश्न चौदाशे वर्षांपूर्वी विचारला गेला होता. हजरत हकीम बिन हिजाम (रजि.) हे हजरत खदीजा (रजि.) यांचे भाचे आणि कुरैशमधील जाणते व्यापारी. त्यांनी प्रेषितांना (स.) विचारले की, माझ्याकडे ग्राहक येतो आणि माझ्याजवळ नसलेली वस्तू मागतो, मी त्याच्याशी सौदा करून मग ती बाजारातून आणून देऊ का? जी वस्तू जवळ नाही ती विकू नये, असे उत्तर त्यांना मिळाले. अबू दाऊद, तिर्मिजी आदी हदीससंग्रहांत हे कथन आहे.

या मनाईमागचे कारण समजून घ्यावे. समजा, घाऊक भाव ४०० रुपये आहे आणि आपण ५५० रुपयांना वस्तू विकली. १५० रुपये नफा ठरला. पण व्यापाऱ्याकडे तो रंग संपला असेल तर? त्याने भाव ४८० केला तर? माल वाटेत फुटला तर नुकसान कोणाचे? अशा वेळी बहुधा तिघेही एकमेकांकडे बोट दाखवितात. ज्याची मालकी आपल्याकडे नाही आणि ज्याच्या नुकसानीची जबाबदारी आपण घेतलेली नाही, त्यावर नफा मात्र आपला, हे इस्लामी न्यायबुद्धीला मान्य नाही. लाभ हा जोखमीबरोबर येतो, हे फिकहचे मूलभूत सूत्र आहे. सौद्यात अशी अनिश्चितता असणे यालाच गरर म्हणतात.

मग भांडवल नसलेल्या तरुणाने व्यवसाय करूच नये काय? तसे मुळीच नाही. शरीअतने दार बंद केलेले नाही, योग्य दार दाखविले आहे.

पहिला मार्ग अडत्याचा. घाऊक व्यापाऱ्याशी स्पष्ट करार करावा की, मी तुमचा माल तुमच्या वतीने विकीन आणि प्रत्येक विक्रीमागे ठरलेली दलाली घेईन. माल व्यापाऱ्याचा, जोखीम व्यापाऱ्याची, मोबदला आपल्या श्रमाचा. ग्राहकालाही आपण मालक नसून मध्यस्थ आहोत हे कळू द्यावे.

दुसरा मार्ग आधी खरेदी, मग विक्री. ऑर्डर आली की ती केवळ मागणी म्हणून नोंदवावी. दोन्ही बाजूंना माघार घेण्याची मोकळीक असावी. त्यानंतर माल आपण विकत घ्यावा, ताब्यात घ्यावा आणि मगच ग्राहकाशी सौदा पक्का करावा. ताबा म्हणजे माल घरी आणलाच पाहिजे असे नाही. मार्च १९९० मध्ये जिद्दाह येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीच्या सहाव्या अधिवेशनात दूरसंचार साधनांवरून आणि संगणकावरून होणाऱ्या करारांचा विचार झाला, तसेच ताबा प्रत्यक्षाप्रमाणेच हुकमीही असू शकतो हे मान्य झाले. व्यापाऱ्याने माल आपल्या नावे वेगळा काढून ठेवला, आपल्या हवाली केला आणि त्याची जोखीम आपल्याकडे आली, तर तो ताबा ठरतो.

तिसरा मार्ग आगाऊ सौद्याचा. प्रेषित (स.) मदीनेत आले तेव्हा तेथील लोक एकेक, दोन-दोन वर्षांच्या खजुरांचे पैसे आधीच देत असत. त्यांनी ही प्रथा बंद केली नाही. माप, वजन आणि मुदत ठरलेली असावी, अशी अट घातली. याला सलम म्हणतात. यात पूर्ण रक्कम आधी द्यावी लागते आणि वस्तूचा प्रकार, दर्जा, संख्या व पोहोचविण्याची तारीख निश्चित असावी लागते. मागणीप्रमाणे बनवून द्यायच्या वस्तूंसाठी, जसे केक, शिवलेले कपडे, लाकडी सामान, हनफी फिकहमध्ये इस्तिस्नाअ नावाचा वेगळा करार आहे. त्यात रक्कम हप्त्यांनी देता येते. घरून केक विकणाऱ्या भगिनींचा व्यवसाय या चौकटीत सहज बसतो.

इथे हिशेबाची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. वाणिज्य शाखेत आम्हाला सुरुवातीलाच शिकवितात की, माल देण्यापूर्वी ग्राहकाकडून आलेली रक्कम हे उत्पन्न नव्हे. ताळेबंदात ती देणे म्हणून दाखवायची. अनेक लहान व्यवसाय याच ठिकाणी घसरतात. आगाऊ आलेले पैसे खर्च होतात, माल येत नाही, आणि मग फोन उचलणे बंद होते. माल पोहोचेपर्यंत तो पैसा आपल्या डोक्यावरचे ओझे आहे हे विसरता कामा नये.

खोटी गर्दी, खोटी घाई

लिलावात स्वतःला घ्यायचे नसताना केवळ दुसऱ्याला भुलविण्यासाठी बोली वाढविणे याला अरबीत नज्श म्हणतात. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत याच्या मनाईची हदीस आहे. नज्शचे मर्म बोलीत नाही, खोट्या गर्दीत आहे. वस्तूला मागणी आहे असा देखावा उभा करून ग्राहकाचा निर्णय वळविणे, हे त्याचे स्वरूप.

आता आजची रूपे पाहा. मित्रांकडून, नातेवाइकांकडून लिहून घेतलेले पाच तारे. पैसे देऊन आणलेले अभिप्राय. विकत घेतलेले फॉलोअर. गोदामात शंभर नग असताना पडद्यावर झळकणारे फक्त दोन शिल्लक. दर तासाला नव्याने सुरू होणारे उलटे घड्याळ. आधी किंमत ९९९ दाखवून, ती कधीच आकारलेली नसताना, ४९९ ची सूट. यातील कोणत्याही गोष्टीला काटा लागत नाही, पण मापात मारणे तेच.

देशाच्या कायद्यानेही आता याची दखल घेतली आहे. भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये ग्राहकांच्या ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९०००:२०२२ हे मानक आणले. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ग्राहकाला भुलविणाऱ्या मांडणीच्या तेरा प्रकारांना मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. खोटी घाई निर्माण करणे, टोपलीत न मागितलेली वस्तू गुपचूप घालणे, शेवटच्या पायरीवर किंमत वाढविणे, वर्गणी सुरू करणे सोपे व बंद करणे अवघड ठेवणे हे प्रकार त्या यादीत आहेत.

श्रद्धावंत व्यापाऱ्याने हे नियम पाळावेतच. पण त्याची प्रेरणा दंडाच्या भीतीवर अवलंबून नसावी. कायदा तक्रार आल्यावर जागा होतो. अल्लाह तक्रारीची वाट पाहत नाही. ज्या हकीम बिन हिजाम (रजि.) यांचा उल्लेख वर आला, त्यांनीच कथन केलेल्या बुखारीतील एका हदीसचा आशय असा आहे की, देणारा-घेणारा खरे बोलले आणि दोष उघड केले तर त्यांच्या सौद्यात बरकत येते, लपविले आणि खोटे बोलले तर बरकत पुसली जाते. नफा आकड्यात दिसतो, बरकत दिसत नाही. म्हणून ती गेल्याचे उशिरा कळते.

हप्त्यांच्या आड लपलेले व्याज

व्याजाचा निषेध सूरह अल-बकरामध्ये (२:२७५) स्पष्ट आहे. तिथेच व्यापार आणि व्याज सारखेच असल्याचा दावा फेटाळून व्यापार वैध आणि व्याज अवैध ठरविले आहे. अडचण अशी की, आजचे व्याज बहुधा व्याजाच्या नावाने येत नाही. विनाखर्च हप्ता, आता घ्या नंतर द्या, प्रक्रिया शुल्क, विलंब आकार अशी त्याची नावे असतात.

एक उदाहरण करून पाहू. मोबाइलची किंमत २४,००० रुपये; सहा महिने दरमहा ४,००० रुपये; व्याज शून्य. कागदावर मात्र अनेकदा असे घडते की, बँक वर्षाला समजा १५ टक्के दराने कर्ज देते. त्या दराने सहा हप्त्यांतले व्याज सुमारे १,०१६ रुपये होते. विक्रेता तेवढी सूट देतो, म्हणून ग्राहकाची बेरीज २४,००० च राहते. पण करार व्याजाचाच असतो, आणि त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी, सुमारे १८३ रुपये, ग्राहकाला वेगळा भरावा लागतो. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच अशा शून्य टक्के योजनांवर आक्षेप घेतला होता आणि यात व्याज दुसऱ्या नावाखाली वसूल होते हे दाखवून दिले होते. म्हणजे इथेही कोरडे धान्य वर आणि ओले खाली.

मुस्लिममधील एका हदीसमध्ये व्याज घेणाऱ्याबरोबरच ते देणारा, त्याची नोंद लिहिणारा आणि त्याचे साक्षीदार यांचाही समावेश केलेला आहे. म्हणून आपल्या ऑनलाइन दुकानात अशी योजना लावणाऱ्यानेही विचार केला पाहिजे की, या साखळीत आपली जागा कोणती.

पर्याय आहे. विक्रेता स्वतः उधारीवर वस्तू देऊ शकतो. रोखीचा भाव आणि हप्त्यांचा भाव वेगळा असणे बहुसंख्य फिकहतज्ज्ञांनी मान्य केले आहे. वर उल्लेखिलेल्या १९९० च्या अधिवेशनाचाही हाच निर्णय होता. अट अशी की, सौदा करतानाच एक भाव आणि एक मुदत पक्की व्हावी आणि हप्ता चुकला म्हणून रक्कम एका रुपयानेही वाढू नये. सूरह अल-बकराच्या २८२ व्या आयतीनुसार मुदतीचे देणे लिहून ठेवावे आणि २८० व्या आयतीनुसार खरोखर अडचणीत असलेल्या देणेकऱ्याला सवड द्यावी. जो देऊ शकतो आणि तरीही टाळतो, तो मात्र जुलूम करतो, हेही प्रेषितांनी (स.) सांगितले आहे.

ग्राहकाचाही काटा असतो

सूरह अल-मुतफ्फिफीन (८३) मापात मारणाऱ्यांच्या निषेधाने सुरू होते. त्यांची ओळख तिथे दोन बाजूंनी दिली आहे: स्वतः घेताना पुरे माप घेतात आणि दुसऱ्याला देताना कमी देतात. आपण ही सूरह बहुधा दुकानदाराला ऐकवितो. पण तिच्यातला माणूस ग्राहकही असू शकतो.

ईदच्या आदल्या दिवशी कपडे मागवायचे, दोन दिवस वापरायचे आणि माप बसत नाही म्हणून परत पाठवायचे. कॅश ऑन डिलिव्हरीने वस्तू मागवायची आणि पार्सल दारात आल्यावर मन बदलले म्हणून नाकारायचे. अशा वेळी जाण्या-येण्याचा खर्च बहुधा त्या लहान विक्रेत्याच्या अंगावर पडतो. थोडासा उशीर झाला म्हणून रागाच्या भरात एक तारा द्यायचा, आणि त्यावर कोणाची तरी मिळकत अवलंबून आहे हे लक्षातही घ्यायचे नाही. कास भरलेल्या जनावराच्या हदीसमध्ये एक सूक्ष्म न्याय आहे. फसविला गेलेला ग्राहक जनावर परत करू शकतो, पण त्याबरोबर एक साअ खजूर देण्यास सांगितले आहे, कारण मधल्या काळात त्याने दूध वापरलेले असते. फसविणाऱ्या विक्रेत्याचाही हक्क तिथे बुडू दिला नाही. मग ज्याने फसविलेच नाही, त्याचा हक्क किती मोठा!

घाम वाळण्यापूर्वी

ढिगाच्या आत आणखी एक गोष्ट लपलेली असते, ती म्हणजे माणूस. दहा मिनिटांत वस्तू दारात येते, तेव्हा पडद्यावर एक लहानसे दुचाकीचे चित्र सरकताना दिसते. त्यावर बसलेल्याचे ऊन-पाऊस, अपघाताची भीती, दिवसभराची मिळकत दिसत नाही. मजुराला त्याचा घाम वाळण्यापूर्वी मोबदला द्यावा, ही प्रेषितांची (स.) शिकवण इब्ने माजामध्ये आली आहे. राजस्थानने २०२३ मध्ये अशा कामगारांच्या नोंदणी व कल्याणासाठी कायदा केला. केंद्राची सामाजिक सुरक्षा संहिता २०२० ची. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली असून तिच्यात अशा कामगारांची स्वतंत्र व्याख्या आहे.

मोठ्या कंपन्यांचे धोरण आपल्या हातात नसेल. पण आपल्या छोट्या व्यवसायात पॅकिंग करणारी शेजारीण, फोटो काढून देणारा विद्यार्थी, रात्री संदेशांना उत्तरे देणारा मदतनीस यांचे पैसे आपल्याच हातात असतात. ग्राहकाचे पैसे अजून आले नाहीत, ही सबब त्यांच्या घामाला लागू होत नाही. मजुरी आधी ठरवावी आणि ठरल्या दिवशी द्यावी.

जकात : जो ढीग फक्त मालकाला दिसतो

व्यापारी मालावर जकात आहे. ऑनलाइन व्यवसायात माल आणि पैसा अनेक ठिकाणी विखुरलेला असतो, म्हणून हिशेब काळजीपूर्वक करावा लागतो. चांद्र वर्ष पूर्ण होण्याच्या दिवशी हातातील विक्रीचा माल बाजारभावाने मोजावा. त्यात बँकेतील रक्कम, वॉलेटमधील शिल्लक आणि प्लॅटफॉर्मकडून मिळायची असलेली रक्कम मिळवावी. घाऊक व्यापाऱ्याचे तातडीचे देणे वजा करावे. लॅपटॉप, मोबाइल, प्रिंटर ही कामाची साधने असल्याने त्यांवर जकात नाही.

समजा, माल १,२०,००० रुपयांचा, बँकेत ५०,०००, प्लॅटफॉर्मकडून येणे ३०,००० आणि देणे ४०,००० आहे. शिल्लक १,६०,००० रुपये. ही रक्कम निसाबपेक्षा अधिक असेल तर अडीच टक्क्यांनी जकात ४,००० रुपये होते. आपल्या देशातील उलमांच्या प्रचलित हिशेबाप्रमाणे निसाब ८७.४८ ग्रॅम सोने किंवा ६१२.३६ ग्रॅम चांदी असून, व्यापारी मालासाठी बहुधा चांदीचा निसाब धरला जातो. आपल्या बाबतीत शंका असेल तर जाणकार आलिमांना विचारावे. या ढिगात ग्राहक, कायदा, शेजारी कोणीच हात घालू शकत नाही. आत काय आहे ते फक्त मालकाला आणि अल्लाहला ठाऊक असते.

आपणच आपला हात घालून पाहू

अभ्यासवर्तुळात किंवा एकट्याने बसून पुढील प्रश्नांची उत्तरे लिहून काढावीत.

१. मी विकत असलेल्या वस्तूचा असा कोणता दोष वा मर्यादा आहे, जी कळली तर ग्राहक कदाचित घेणार नाही? ती वर्णनात कोठे लिहिली आहे?

२. सौदा होतो त्या क्षणी माल कोणाच्या मालकीचा असतो? तो वाटेत खराब झाला तर नुकसान कोण सोसतो?

३. माझ्या पानावरील अभिप्राय, शिल्लक संख्या, सूट आणि मुदत यांतले किती खरे आहे?

४. माझ्या दुकानातील हप्त्यांच्या योजनेत उशीर झाल्यास रक्कम वाढते काय? ती वाढ कोणाला मिळते?

५. आगाऊ आलेले किती रुपये आज माझ्याकडे आहेत आणि तेवढा माल मी देऊ शकतो काय?

६. ग्राहक म्हणून गेल्या वर्षभरात मी परत केलेल्या वस्तूंपैकी कोणती विनाकारण होती?

यातील एखादे उत्तर अस्वस्थ करणारे निघाले तर निराश होऊ नये. वर्णनातील एक ओळ दुरुस्त करणे, एक खोटे घड्याळ काढून टाकणे, एका मजुराचे थकलेले पैसे आजच पाठविणे, एवढ्यापासूनही सुरुवात होते. सुरुवातीला विक्री थोडी कमी होईल, हे खरे आहे. ज्याने ओले धान्य वर ठेवले, त्याचा भाव उतरलाच असेल. पण त्याच्या ढिगात कोणीही, केव्हाही हात घातला तरी त्याला घाबरण्याचे कारण उरले नसेल.

मदयनच्या लोकांच्या प्रश्नाचे उत्तर हेच आहे. होय, आपली नमाज आपल्या संपत्तीविषयी बोलते. दिवसातून पाच वेळा जो अल्लाहसमोर उभा राहतो, त्याच्या दुकानाचा पडदाही अल्लाहच्या नजरेसमोरच उघडा असतो. अल्लाह आपल्या कमाईत पावित्र्य आणि बरकत देवो, देताना पुरे माप देण्याचे आणि घेताना न्यायाने घेण्याचे सामर्थ्य देवो. आमीन.